खबर, सनद आणि स्टेटस : महाविद्यालयीन विद्यार्थी व इंटरनेटचा जबाबदार वापर

विद्यार्थ्यांच्या इंटरनेट-वापराविषयी आपल्या महाविद्यालयांतून जी व्याख्याने होतात, त्यांसाठी बहुधा एखादे पोलीस अधिकारी किंवा संगणक विभागाचे प्राध्यापक बोलावले जातात. पासवर्ड कुणाला सांगू नये, अनोळखी लिंक उघडू नये, ओटीपी देऊ नये, एवढे सांगून तासाभरात कार्यक्रम संपतो. हे सांगणे आवश्यकच आहे. परंतु अशा व्याख्यानांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. बाहेरचा कुणी चोर आपल्या मुलांच्या खिशात हात घालतो, एवढाच इंटरनेटचा धोका आहे असे त्यांत मानलेले असते. आपल्याच विद्यार्थ्याच्या बोटाने पुढे गेलेला संदेश, त्याने रात्री ठेवलेले स्टेटस, वर्गातील एखाद्या मुलीचा तिला न विचारता दुसऱ्याला दिलेला फोटो, यांतून होणारे नुकसान त्या तासात येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे. हा विषय संगणक विभागावर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. भाषा, इतिहास व इस्लामी अभ्यास शिकवणाऱ्या अध्यापकांकडे त्यासाठी लागणारी साधने अधिक आहेत, असे येथे मांडावयाचे आहे.

दोन गावांतील घटना

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे, भिक्षेसाठी गावोगाव फिरणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा त्या काळात मोबाइलवरून पसरत होती. त्यानंतर दोन आठवडेही झाले नव्हते, तोच १३ जुलै रोजी बीदर जिल्ह्यातील मुरकी गावात तेच घडले. हैदराबादहून काही मित्र त्या भागात आले होते. वाटेत एका गावात त्यांच्यापैकी एकाने शाळकरी मुलांना चॉकलेट दिले. संशय आला, वादावादी झाली, ते मोटारीने निघाले. पण त्यांच्याविषयीचा संदेश व्हॉट्सॲपवरून त्यांच्या आधी मुरकीला पोहोचला होता. तेथे रस्ता अडवण्यात आला आणि जमावाच्या मारहाणीत हैदराबादच्या एका तरुण अभियंत्याचा अंत झाला.

ज्यांनी हे संदेश पुढे पाठवले, त्यांच्यातील फार थोडे लोक दुष्ट असतील. बहुतेकांनी काळजीपोटी पाठवले. त्या वर्षी या अफवेसोबत एक चित्रफीत देशभर फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे जण येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसे. ती मुळात कराचीतील, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जनजागृती करण्यासाठी तयार केलेली फिल्म होती. तिच्या शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला आणि उरलेला तुकडा खरी घटना म्हणून फिरला. पाहणारा खोटे काहीच पाहत नव्हता. त्याच्यासमोर अर्धे होते, आणि अर्ध्यावरच त्याने निर्णय घेतला.

या घटनांनंतर व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये पुढे पाठवलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे एप्रिल २०२० पासून वारंवार फिरलेला, दुहेरी बाणाची खूण असलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणजे यंत्र आपल्याला एवढे सांगते की ही गोष्ट अनेक हातांतून आली आहे. ते हात कोणाचे, हे मात्र सांगत नाही. तो प्रश्न माणसालाच विचारावा लागतो.

रावी कोण, मतन कोणते

हा प्रश्न विचारण्याची शिस्त आपल्याकडे बाराशे वर्षांपूर्वी शास्त्राच्या पदवीला पोहोचली होती. हदीसच्या विद्वानांनी कोणतीही रिवायत तिच्या सनदीशिवाय, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळीशिवाय, स्वीकारली नाही. अमुक रावीने कोणाकडून ऐकले, त्या दोघांची भेट होणे शक्य होते काय, कोणाचा जन्म केव्हा, वास्तव्य कोठे, हे तपासण्यासाठी अस्माउर्रिजाल या नावाने चरित्रांचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. इमाम जहबी (मृत्यू हिजरी ७४८, इ. स. १३४८) यांचा ‘मीजानुल एतिदाल’ हा ग्रंथ तर मुख्यतः ज्यांच्यावर आक्षेप घेतले गेले अशा रावींचाच कोश आहे.

व्हॉट्सॲपवरील संदेशाची हदीसशी तुलना करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. तुलना आहे ती पद्धतीची, आणि ती विद्यार्थ्यांना चटकन समजते. साखळीतील एक कडी गळाली असेल तर रिवायतीला मुन्कते म्हणतात. सांगणारा कोण हेच ठाऊक नसेल तर तो मजहूल. मूळ मजकुरात रावीचे स्वतःचे शब्द मिसळले असतील तर ती मुदरज. बनावट रिवायत ती मौजू. आता एखादा फिरता संदेश फळ्यावर लिहावा आणि वर्गाला विचारावे, यातील कोणता दोष कोठे आहे? ‘जसे आले तसे पाठवत आहे’ असे खाली लिहिलेला संदेश म्हणजे पाठवणाऱ्याने आपणहून दिलेली मुन्कते असल्याची कबुली आहे. ‘एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितले’ हा मजहूल रावी. आणि खऱ्या बातमीच्या शेवटी कुणीतरी जोडलेली ‘आता तरी जागे व्हा’ ही ओळ मुदरज. पदवीच्या वर्गातील मुले हे वर्गीकरण पंधरा मिनिटांत करू लागतात.

त्या शास्त्रातील एक भेद मला सर्वांत उपयोगी वाटतो. रावीची पारख दोन बाजूंनी होत असे. एक अदालत, म्हणजे त्याचे चारित्र्य. दुसरी जब्त, म्हणजे ऐकलेले नेमके लक्षात ठेवण्याची व तसेच सांगण्याची क्षमता. माणूस अत्यंत नेक आहे, पण त्याची जब्त कच्ची आहे, असे मत मुहद्दिस निःसंकोचपणे नोंदवत, आणि तेवढ्याने त्या माणसाचा अपमान झाला असे कोणी मानत नसे. आपल्या विद्यार्थ्यांची अडचण नेमकी येथे असते. संदेश मामूंनी पाठवला आहे, मशिदीच्या गटावर आला आहे, खुद्द प्राध्यापकांनी टाकला आहे, मग तो खोटा कसा असेल? मामू नेक आहेत, याविषयी वाद नाही. त्यांनी ही चित्रफीत कोठून घेतली, एवढेच विचारायचे आहे. वडीलधाऱ्यांविषयीचा आदर आणि त्यांनी पाठवलेल्या मजकुराची तपासणी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मुलांना पटले की अर्धे काम झाले.

कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमधील सहावी आयत हीच ताकीद देते. अविश्वासू माणसाकडून खबर आली तर तिची तहकीक करावी, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा होईल आणि मागाहून पश्चात्ताप करावा लागेल, हा तिचा आशय आहे. सहीह मुस्लिमच्या मुकद्दम्यात ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटण्याविरुद्ध इशारा देणाऱ्या रिवायती एकत्र केलेल्या आहेत. जुम्म्याच्या खुतब्यात हा विषय घेण्याची विनंती आपल्या गावच्या इमामसाहेबांना करण्यास हरकत नाही. विशेषतः धार्मिक संदेशांच्या बाबतीत. हदीस म्हणून फिरणाऱ्या कित्येक मजकुरांना ना किताबाचे नाव असते ना क्रमांक, आणि खाली ‘अकरा जणांना पाठवा’ असा हुकूम असतो. हा प्रकार मोबाइलने जन्माला घातलेला नाही. मदिन्यातील शेख अहमद यांच्या स्वप्नाचा वसीयतनामा, इतक्या प्रती छापून वाटा नाहीतर नुकसान होईल या धमकीसह, एकोणिसाव्या शतकापासून मुस्लिम जगात फिरत आहे आणि उलेमांनी तो वेळोवेळी बनावट ठरवला आहे. आपल्या शेजाऱ्यांच्या घरी याच धर्तीची संतोषी मातेच्या नावाची पोस्टकार्डे येत असत, हे जुन्या पिढीला आठवत असेल. मोबाइलने फक्त टपालखर्च वाचवला.

ही शिस्त केवळ दीनी ज्ञानापुरती राहिलेली नाही. उर्दूत हाफिज महमूद शीरानी यांनी ‘खालिकबारी’ हे पुस्तक अमीर खुसरोचे नव्हे, हे अंतर्गत पुराव्यांवरून मांडले. मराठीत संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. मराठीच्या तासाला ‘प्रक्षिप्त’ आणि उर्दूच्या तासाला ‘इल्हाकी’ हे शब्द आपण शिकवतोच. ते फिरत्या संदेशांना लावण्याचे तेवढे राहिले आहे.

भाषेच्या अध्यापकांसाठी यात एक अगदी सोपा व निरुपद्रवी सराव आहे. गालिब आणि इक्बाल यांच्या नावाने मोबाइलवर फिरणाऱ्या शेरांपैकी पुष्कळसे त्यांचे नसतात. मराठीत तीच कृपा पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्यावर होते. विद्यार्थ्यांना असे पाच-सहा नमुने आणायला सांगावे. शेर बहरमध्ये बसतो काय, हे प्रथम पाहावे. बहुतेक बनावट शेर तेथेच अडखळतात. मग दीवानमध्ये शोधावे. गालिबसाठी इम्तियाज अली अर्शी यांनी संपादित केलेली १९५८ ची प्रत ग्रंथालयात असली तर उत्तम. पु. लं.च्या नावाचे वाक्य असेल तर कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानावर, हे विचारावे. या सरावात कुणाच्या धर्माचा वा पक्षाचा प्रश्न येत नाही, कुणी दुखावत नाही, आणि ‘नाव लिहिले आहे म्हणून त्यांचेच’ ही सवय मोडते. एकदा ती मोडली की दंगलीच्या चित्रफितीपुढेही तोच विद्यार्थी थबकतो. फोटो जुना आहे काय, हे पाहण्यासाठी गूगल लेन्ससारखी साधने त्याच्याच हातात असतात. हैदराबादचे फॅक्टली, मुंबईचे बूम, तसेच ऑल्ट न्यूज ही संकेतस्थळे अशा मजकुरांची तपासणी प्रसिद्ध करतात, आणि सरकारी योजनांविषयीच्या अफवांसाठी पीआयबीचा फॅक्ट चेक विभाग आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने आवाज व चेहराही बनावट करता येतो. त्यामुळे डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले, हा पुरावा पूर्वीइतका पक्का राहिलेला नाही, आणि सनदीचे महत्त्व त्या प्रमाणात वाढले आहे.

स्टेटस आणि कायदा

फॉरवर्डपेक्षा स्टेटसचा प्रश्न अवघड आहे, कारण तेथे मुलाला स्वतः काहीतरी म्हणायचे असते.

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही तरुणांनी ठेवलेल्या आक्षेपार्ह व्हॉट्सॲप स्टेटसवरून तणाव निर्माण झाला, ७ जून रोजी शहरात दगडफेक व तोडफोड झाली, इंटरनेट सेवा बंद करावी लागली. स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलेही होती. त्याच वर्षी १० सप्टेंबरच्या रात्री सातारा जिल्ह्यातील पुसेसावळी येथे समाजमाध्यमावरील मजकुराचे निमित्त होऊन जमाव चालून गेला आणि मशिदीत असलेला एक तरुण मारला गेला. मजकूर ज्याने लिहिला त्याच्यावर कायदेशीर कारवाई होणे वेगळे, आणि त्यासाठी दुसऱ्याच कुणाचे घर, दुकान वा प्राण जाणे वेगळे. हिंसा करणाऱ्यांचा दोष यामुळे तिळमात्र कमी होत नाही. पण अठरा वर्षांच्या मुलाला हे समजलेच पाहिजे, की त्याच्या चोवीस तासांच्या स्टेटसची किंमत त्याला न ओळखणारा माणूस चुकवू शकतो. स्टेटस पुसले तरी त्याचा स्क्रीनशॉट राहतो. आणि स्क्रीनशॉट बनावटही तयार करता येतो, हे पोलिसांना व पालकांना सांगण्याची वेळ अध्यापकावर येऊ शकते.

म्हणून काही संस्थाचालक विद्यार्थ्यांना ‘काहीच लिहू नका’ असे बजावतात. मला हे मान्य नाही. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयाने मुलांना मुके करणे शोभत नाही, आणि असा हुकूम पाळलाही जात नाही. येथे पालघरचे उदाहरण वर्गात अवश्य सांगावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर झालेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले, दुसरीने ते ‘लाइक’ केले, आणि दोघींना अटक झाली. त्या मजकुरात शिवी नव्हती, धमकी नव्हती, फक्त मत होते. त्या अटकेवरून उठलेल्या वादातून श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार हा खटला उभा राहिला आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६-ए घटनाबाह्य ठरवून रद्द केले. मत मांडणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे आणि लोकांना चिथावणे या तीन पायऱ्यांतील फरक त्या निकालात स्पष्ट केलेला आहे. राज्यशास्त्राच्या अध्यापकांनी तो मुळातून वाचावा.

६६-ए गेले म्हणजे सारे मोकळे झाले, असा मात्र विद्यार्थ्यांत समज आढळतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समूहांमध्ये वैर वाढवणे (कलम १९६), धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे (कलम २९९) आणि अफवा पसरवून शांतता बिघडवणे (कलम ३५३) हे गुन्हे आहेत. जुन्या दंड संहितेतील १५३-ए, २९५-ए व ५०५ यांच्या जागी ते आलेले आहेत आणि प्रत्येकात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मुले विचारतील, की इतरांनी आपल्याविषयी लिहिले तर त्यांना कोण विचारतो? प्रश्न खरा आहे, टाळू नये. त्याचे उत्तर तक्रार नोंदवणे हे आहे. तशाच भाषेत प्रतिस्टेटस ठेवल्याने तक्रारदाराचा आरोपी होतो, हे आपण पाहत आलो आहोत. सरकारी नोकरीची चारित्र्य पडताळणी किंवा पासपोर्टचा अर्ज येईपर्यंत त्या रात्रीचा राग विरलेला असतो, नोंद मात्र शिल्लक असते.

वर्गाचे व्हॉट्सॲप गट चालवणाऱ्या अध्यापकांना एक दिलासा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असा निर्णय दिला, की समान हेतू वा संगनमत सिद्ध झाल्याशिवाय एखाद्या सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. तरीही गट फक्त ॲडमिनना लिहिता येईल असा ठेवावा. सूचनांसाठी तेवढा पुरतो.

फोटो ही अमानत

जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ रोजी ‘बुल्ली बाई’ या नावांची ॲप्स गिटहब या संकेतस्थळावर उघडकीस आली. मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांतून उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडण्यात आला होता. पत्रकार, विद्यार्थिनी, कार्यकर्त्या, वैमानिक अशा स्त्रियांचा त्यांत समावेश होता. अटक झालेले आरोपी बहुतेक विशी-पंचविशीतले, शिकलेले होते. पहिल्या ॲपच्या प्रकरणातील अटक इंदूरमध्ये झाली. त्या स्त्रियांनी आपले साधे, रोजचे फोटो लावले होते. त्यांचा दोष काहीही नव्हता.

हे उदाहरण देण्याचे कारण असे, की यातून आपल्या घरांनी उलटा धडा घेतला. मुलीचा फोन काढून घ्यावा, खाते बंद करावे, फार झाले तर कॉलेजही बंद करावे. कुणा मुलीच्या फोटोची छेडछाड झाली, की पहिली चौकशी तिचीच होते : फोटो लावलाच कशाला? ब्लॅकमेल करणाऱ्याचा सारा व्यवसाय या एका प्रश्नावर चालतो. ‘घरी सांगेन’ ही त्याची धमकी आहे, आणि घर आपल्या बाजूला उभे राहील याची मुलीला खात्री असेल तर ती धमकी पोकळ ठरते. पैसे पाठवणे, आणखी फोटो पाठवणे, गुपचूप भेटायला जाणे, या सर्व चुका त्या खात्रीच्या अभावी होतात. गुन्हा दुसऱ्याने करावा आणि शिक्षण मुलीचे सुटावे, हे शैक्षणिक संस्थांनी तरी चालू देऊ नये. अशा वेळी प्राचार्यांनी किंवा एखाद्या ज्येष्ठ अध्यापिकेने पालकांना स्वतः जाऊन भेटावे. सूचनाफलकापेक्षा या भेटीचा उपयोग अधिक होतो.

मुलांच्या वर्गात या विषयावर वेगळे बोलावे लागेल. विश्वासाने दिलेला फोटो, मेसेज, रडत सांगितलेली गोष्ट ही अमानत आहे. ती दुसऱ्याला दाखवणे ही खयानत आहे. गीबत आणि तजस्सुस, म्हणजे पाठीमागे निंदा करणे आणि दुसऱ्याच्या खासगी गोष्टींत डोकावणे, या दोन्हींची मनाई सूरह अल-हुजुरातच्या एकाच आयतीत, बाराव्या आयतीत, आहे. मुलींच्या फोटोखाली ‘हया’चे उपदेश लिहिणाऱ्या आपल्या तरुणांना मला विचारावेसे वाटते, की त्या फोटोवर नजर खिळवून ठेवण्याची परवानगी त्यांना कोणत्या किताबाने दिली. कायद्याची बाजूही त्यांना सांगावी. दुसऱ्याच्या नावाने खाते चालवून फसवणे (माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६६-डी), अश्लील मजकूर प्रसारित करणे (कलम ६७ व ६७-ए), पाठलाग करणे, त्यात इंटरनेटवरील पाठलागही आला (भारतीय न्याय संहिता, कलम ७८). आणि मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर पॉक्सो कायदा, २०१२. अकरावी-बारावीतील किंवा पीयूसीतील जवळजवळ प्रत्येक विद्यार्थिनी या वयात येते. ‘गंमत म्हणून पाठवला’ हा बचाव तेथे चालत नाही.

फोटो पसरला असेल तर काय करावे, हे पुष्कळ अध्यापकांना माहीत नसते. प्रथम पुरावा जपावा. खात्याचा पत्ता, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, संभाषण पुसू नये. अपवाद एकच : अल्पवयीन मुलीचे तसले चित्र स्वतःच्या फोनवर घेणे किंवा दुसऱ्याला पाठवणे हाच गुन्हा ठरू शकतो, म्हणून तेथे फक्त पत्ता लिहून घ्यावा आणि पुढचे पोलिसांवर सोपवावे. मग ज्या कंपनीच्या माध्यमावर ते आहे तिच्याकडे तक्रार करावी. नग्न किंवा छेडछाड केलेले चित्र संबंधित व्यक्तीने तक्रार केल्यावर काढून टाकणे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी बंधनकारक केले आहे, आणि त्याची मुदत दिवसांत नव्हे, तासांत मोजली जाते. प्रौढ स्त्रियांसाठी ‘स्टॉपएनसीआयआय’ आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवा आहेत. त्यांत चित्र पाठवावे लागत नाही. चित्राचा एक गणिती ठसा आपल्याच फोनवर तयार होतो आणि तेवढाच कंपन्यांकडे जातो. ठसा जुळला की सहभागी कंपन्या ते चित्र रोखू शकतात. चित्र पुन्हा कुणाला दाखवावे लागेल, या भीतीने गप्प बसलेल्या मुलीला एवढी माहितीही पुरेशी धीर देते.

खाते भाड्याने

पैशांच्या फसवणुकीविषयी बरेच लिहिले जाते, म्हणून येथे एकाच प्रकाराचा उल्लेख करतो. शिष्यवृत्तीसाठी उघडलेले बँक खाते, एटीएम कार्ड व सिमसह, दोन-पाच हजार रुपयांसाठी कुणाला ‘वापरायला’ देण्याचा मोह विद्यार्थ्यांना घातला जातो. फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून पुढे जातो, आणि पोलीस प्रथम पोहोचतात ते खातेदाराच्या दारात. त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते, हे सिद्ध करता करता त्याची वर्षे जातात. वसतिगृहातील मुलांना हे वर्षाच्या सुरुवातीलाच सांगावे.

महाविद्यालयाकडून अपेक्षा

पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात जाण्याआधी अडवता आला तरच मिळतो, त्यामुळे प्राचार्यांना सांगू, उद्या पाहू, असे करण्यात वेळ घालवू नये. इतर गुन्ह्यांची तक्रार केंद्र सरकारच्या सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर करता येते आणि स्त्रिया व मुले यांच्याविरुद्धच्या काही गुन्ह्यांसाठी तेथे नाव न देता माहिती देण्याची सोय आहे. अडचणीतील मुलासाठी चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे.

पॉक्सोच्या बाबतीत अध्यापकाला पर्याय नाही. अठरा वर्षांखालील विद्यार्थिनीवर किंवा विद्यार्थ्यावर असा गुन्हा झाल्याचे कळल्यास कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे, आणि न कळवणे हाही कलम २१ खाली शिक्षापात्र गुन्हा आहे. संस्थेची बदनामी होईल, दोन्ही घरे ओळखीची आहेत, आपसात मिटवू, असे सांगणारे हितचिंतक अशा वेळी हमखास पुढे येतात. त्यांना हे कलम दाखवावे. मुलीचे नाव मात्र शिक्षक-कक्षातही उच्चारले जाऊ नये. तिची ओळख उघड करण्यास कायद्यानेही मनाई आहे.

या सर्वांसाठी वेगळा विभाग वा निधी लागत नाही. प्रत्येक महाविद्यालयात एक अध्यापक आणि एक अध्यापिका यांची नावे सत्राच्या पहिल्या आठवड्यात वर्गावर्गांत जाहीर करावीत. अडचण आली तर मुलांनी यांच्याकडे जावे, ऐकून घेण्याआधी ते घरी फोन करणार नाहीत, एवढे आश्वासन द्यावे आणि ते पाळावे. त्या दोघांनी आपल्या जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात एकदा जाऊन ओळख करून घ्यावी. सनदीचा सराव उर्दू व मराठीच्या अध्यापकांनी पहिल्या सत्रात दोन तासिकांत घ्यावा, अभ्यासक्रमात संशोधनपद्धती किंवा पाठचिकित्सा असेल तर त्याच घटकात तो बसतो. विद्यार्थ्यांनी आणलेले नमुने, तपासलेला मार्ग आणि निघालेला निष्कर्ष एका वहीत लिहून ठेवावा आणि ती वही पुढच्या वर्षीच्या वर्गाला द्यावी.